गुरूबरोबरचा प्रवास: अमरनाथला निवेदितेच्या पदरात काय पडलं?

पैलतीर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडतेय.

स्वामी विवेकानंदांबरोबर भगिनी निवेदितेने १८९८ साली उत्तरेत जो प्रवास केला, त्याच्या तिनेच लिहून ठेवलेल्या नोंदी मी सध्या पुन्हा वाचतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्गारेट नोबल, म्हणजेच निवेदिता, ही आयर्लंडमध्ये जन्मलेली शिक्षिका १८९८ च्या जानेवारीत कलकत्त्याला उतरली. २५ मार्चला स्वामीजींनी तिला ब्रह्मचर्यदीक्षा दिली, आणि ११ मेला ही मंडळी हावड्याहून निघाली. बरोबर सारा बुल, जोसेफिन मॅक्लाउड, अमेरिकन कॉन्सल जनरलच्या पत्नी पॅटरसनबाई, शिवाय तुरीयानंद, निरंजनानंद, सदानंद वगैरे संन्यासी. नैनिताल, अल्मोडा, मग रावळपिंडी, बारामुल्ला आणि श्रीनगर. ऑक्टोबरपर्यंत हे फिरणं चाललं.

जुलैच्या शेवटी अच्छबलला असताना स्वामीजींनी एकदम जाहीर केलं की आपण यात्रेकरूंबरोबर अमरनाथला जाणार आणि निवेदितेलाही नेणार, मुलगी म्हणून. बाकीच्या पहलगामला थांबल्या. २ ऑगस्टला, पौर्णिमेला, गुहा आली. स्वामीजी थकून मागे पडले होते. त्यांनी स्नान केलं, अंगावर फक्त लंगोटी ठेवून आत गेले, हिमलिंगापुढे गुडघे टेकले. भोवळ येऊन पडायच्या बेतात होते. नंतर त्यांनी सांगितलं की शंकराने आपल्याला इच्छामरणाचा वर दिला.

आणि निवेदिता? ती तिथेच उभी होती. त्या अनुभवाचा कणही तिच्या वाट्याला आला नाही. तिला ते फार लागलं आणि तिने ते त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांचं उत्तर असं होतं की तुला आत्ता समजणार नाही, पण यात्रा घडली आहे, ती आपलं काम करत राहील.

माझा प्रश्न हा आहे. इतक्या लांब नेलं, मुलगी म्हणून नेलं, आणि ऐन वेळी ती कोरडीच राहिली. मग शिष्याने गुरूबरोबर प्रवास करायचा तो कशासाठी? तुमच्या घरात, ओळखीत कोणी असा प्रवास केला असेल तर जरूर लिहा. मला मनापासून जाणून घ्यायचंय.

निशिगंध

फार सुंदर विषय. वाचतेय. सवडीने लिहीन.

घाटमाथा

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. मला यात शिष्येवर अन्यायच दिसतो. अल्मोड्यात तर रोज सकाळी तिच्याशी वाद चालायचे. तिचं इंग्लंडवरचं प्रेम, तिची मतं, सगळ्यावर आघात. बिचारी घरदार सोडून आलेली. वर अमरनाथला ही गत. आणि आपण म्हणायचं, हीच शिकवण!

आजचं चित्र तर आणखी वाईट आहे. 'महाराजांच्या सान्निध्यात काशी-गया' अशी पत्रकं आमच्या कॉलनीत येतात. आई एकदा अशाच यात्रेला गेली. महाराजांच्या गाडीत कोणी बसायचं ते देणगीवर ठरलेलं. गुडघ्याचं दुखणं असलेली माझी आई मागच्या बसमध्ये, चाकाच्या वरच्या सीटवर. महाराज दिसले ते ढाब्यावर, लांबून. परत आली तेव्हा पाय सुजलेले होते आणि तरी म्हणत होती, "चालायचंच, माझंच पुण्य कमी." हे वाक्य ऐकून मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

बकुळफुलं

घाटमाथा, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्या यात्रेत आणि या प्रवासात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

अमरनाथच्या वाटेवरचा एक प्रसंग सांगते. या परदेशी बाईचा तंबू साधूंच्या तळात लागला म्हणून साधूंनी ओरड केली. स्वामीजी ऐकेनात. शेवटी एका नागा साधूने त्यांना समजावलं की तुमच्या अंगी सामर्थ्य आहे हे खरं, पण ते दाखवू नका. लगेच त्यांनी ऐकलं. आणि त्याच दुपारी निवेदितेला घेऊन साऱ्या तळावर फिरले. का, तर साधूंचे आशीर्वाद घ्यायला! प्रत्यक्षात तिच्या हातून भिक्षा वाटवली. दुसऱ्या दिवशी तिचा तंबू तळाच्या अगदी अग्रभागी, छानशा उंचवट्यावर लागला. जिथे तिला बाजूला काढत होते तिथे तिला मानाची जागा मिळवून दिली, तीही भांडण न वाढवता. मागच्या बसमध्ये बसवणारा गुरू हे करणार नाही.

तात्या_सातारकर

उत्तम धागा. गुरूबरोबरचा प्रवास म्हटलं की आपल्याकडे पहिलं आठवतं ते नामदेवांचं ज्ञानदेवांबरोबरचं तीर्थाटन. नामदेव पंढरी सोडायला तयार नव्हते. विठ्ठलाला टाकून जायचं कुठे? ज्ञानदेवांनी आर्जवं करून त्यांना बाहेर काढलं. तीर्थावळीच्या अभंगांत नामदेवांची ती घालमेल फार हृद्य आली आहे. मारवाडातल्या विहिरीचा प्रसंग तर सर्वांना ठाऊक आहे. तहानेने जीव जायची वेळ आली, विहीर खोल. ज्ञानदेव लघिमा सिद्धीने, म्हणजे देह हलका करून, आत उतरून पाणी पिऊन आले. नामदेवांनी नुसता देवाचा धावा केला आणि विहीर उसळून काठोकाठ भरली.

चिंतनी

तात्या, नमस्कार. फक्त एक गोष्ट. परंपरेने नामदेवांचे गुरू विसोबा खेचर. ज्ञानदेवांबरोबरचा प्रवास गुरु-शिष्याचा नव्हे, दोन संतांचा. म्हणून तर विहिरीच्या कथेत नामदेवांची भक्ती सरस ठरते. गुरूपेक्षा शिष्य वरचढ अशी कथा वारकऱ्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितली असती का, मला शंका आहे.

तात्या_सातारकर

मान्य. तरी प्रवासाचा मुद्दा राहतोच. ज्ञानदेवांना सोबत हवी होती ती नामदेवांचीच. थोरामोठ्यांनाही एकट्याने तीर्थ करवत नाही, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं.

रानवाट

घाटमाथा यांच्या प्रतिसादावरून सदानंद आठवले. वर ताईंनी प्रवाशांच्या यादीत त्यांचं नाव घेतलंय, पण गोष्ट सांगितली नाही.

१८८८ साली विवेकानंद परिव्राजक म्हणून फिरत होते, जगाला नाव माहीत नव्हतं. हाथरस स्टेशनवर उपाशी बसले होते. तिथले असिस्टंट स्टेशनमास्तर शरदचंद्र गुप्त (हेच पुढे सदानंद) यांनी त्यांना घरी नेलं, जेवू घातलं. आणि काही दिवसांत नोकरी सोडून त्यांच्या मागे निघाले. स्वामीजींनी आधी काय सांगितलं? तुझ्याच स्टेशनवरच्या हमालांकडून भिक्षा मागून आण. ज्यांना कालपर्यंत हुकूम सोडायचा त्यांच्यापुढे झोळी. तो माणूस गेला आणि आणली.

पुढे दोघे हृषीकेशकडे चालत निघाले. गुप्तांना ना चालायची सवय ना उपासाची. वाटेत पार गळून गेले. तेव्हा स्वामीजींनी त्यांचं सगळं सामान स्वतः उचललं. त्यात शिष्याचे जोडेही होते. गुरूने शिष्याचे जोडे वाहिले! सदानंद हे आयुष्यभर सांगत राहिले.

म्हणून घाटमाथा, एक बाजू बघून निकाल देऊ नका. हमालांपुढे झोळी पसरायला लावणारा आणि जोडे उचलणारा माणूस एकच आहे.

अवनी_कु

रानवाट, जोड्यांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

माझी आत्या तरुणपणी एका कीर्तनकार बुवांच्या मंडळींबरोबर द्वारकेला गेली होती. बुवा म्हणजे आमच्याकडचे फार मोठे नाव, इथे लिहीत नाही. आत्या घाबरून होती, त्यांच्यासमोर तोंड उघडायची नाही. धर्मशाळेत पहिल्या पहाटे तिला जाग आली ती ताटलीच्या आवाजाने. बघते तर बुवा ओसरीवर मांडी घालून कंदिलाच्या उजेडात तूरडाळ निवडतायत. खडे एका बाजूला, डाळ एका बाजूला. तिला म्हणाले, "झोप गं, अजून वेळ आहे. बायका दिवसभर चालून दमल्यात." परत येताना गाडीत जागा नव्हती तर रात्रभर दाराशी वळकटीवर बसून राहिले आणि म्हाताऱ्या मृदंगवाल्याला आडवं होऊ दिलं.

आत्या म्हणते, कीर्तन शंभरदा ऐकलं असेल, पण बुवा मला कळले ते त्या ओसरीवर. पैलतीरताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे.

खान्देशी

अवनी, लाखातली गोष्ट सांगितलीस.

आमचे आजोबा १९५८ साली विनोबा खानदेशात आले तेव्हा पदयात्रेत काही मुक्काम चालले. विनोबा स्वतःला कुणाचा गुरू म्हणवून घेत नसत, पण आजोबांनी त्यांना मनात तेच मानलं होतं. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीला शंभर एकर दान मिळालं आणि त्यानंतर हा माणूस तेरा वर्षं देशभर चालत राहिला. आजोबा सांगायचे, पहाटे मिट्ट काळोखात निघायचं, पुढे कंदील. चाल इतकी झपाट्याची की तरुणांना धाप लागायची. ज्याला काही विचारायचं असेल त्याने बाजूला येऊन चालता चालताच विचारायचं. आजोबांनी मोठा प्रश्न तयार करून ठेवला होता, आत्मा वगैरे. धावत धावत जवळ पोचले तर विनोबांनीच विचारलं, "तुमच्या गावात भूमिहीन किती?" आजोबांना सांगता येईना. गावी परतल्यावर त्यांनी घरोघर जाऊन यादी केली. आत्म्याचा प्रश्न राहिला तो राहिलाच, पण आमची सहा एकर गेली. आजी शेवटपर्यंत बोलून दाखवायची! :)

निशिगंध

खान्देशी, आजी आवडल्या. :)

आता सवड मिळाली. घाटमाथा, अल्मोड्याबद्दल लिहिते, कारण तुम्ही अर्धीच हकीकत सांगितलीत.

वाद होते हे खरंच. दीक्षा झाल्यावर स्वामीजींनी तिला तिच्या देशनिष्ठेबद्दल विचारलं तेव्हा तिने ब्रिटिश ध्वजाबद्दल अगदी भक्तिभावाने उत्तर दिलं होतं. हिंदुस्थानात काम करायला आलेल्या बाईच्या मनात हे असावं याचं त्यांना आश्चर्य वाटलं. अल्मोड्यात ते सगळं उफाळून आलं. गुरूबद्दल ज्या कल्पना घेऊन ती आली होती त्या ढासळत होत्या. मायेने वागणारा माणूस अलिप्त, कधी कधी प्रतिकूल वाटायला लागला होता.

पण पुढे बघा. सोबतच्या वयाने मोठ्या बाईंनी स्वामीजींना जाऊन सांगितलं की या मुलीला हे सोसवत नाहीये. त्यांनी ऐकून घेतलं आणि निघून गेले. संध्याकाळी व्हरांड्यात आले आणि त्या बाईंना लहान मुलासारखं म्हणाले की तुमचं बरोबर होतं, हे बदललं पाहिजे, मी रानात एकटा राहायला जातो आणि येताना शांती घेऊन येतो. मग आकाशात बीजेची कोर दिसली. मुसलमान या चंद्राला फार मानतात, आपणही नव्या चंद्राबरोबर नवं आयुष्य सुरू करू, असं म्हणून त्यांनी हात उंचावून आशीर्वाद दिला. निवेदिता त्यांच्यापुढे गुडघ्यांवर होती.

शिष्येची तक्रार दुसऱ्या कुणाकरवी आली आणि गुरूने ती त्याच दिवशी मान्य केली. तुमच्या त्या यात्रेच्या महाराजांना कुणी जाऊन सांगितलं असतं की मागच्या बसमध्ये एका बाईंचे पाय सुजलेत, तर काय झालं असतं?

घाटमाथा

निशिगंध, सांगितलं होतं. मी स्वतः फोन केला होता. व्यवस्थापक म्हणाले, यात्रेत कष्ट व्हायचेच.

तुमचा मुद्दा पटला. ऐकून घेणं, हा फरक मोठा आहे. पण पैलतीर यांचा गुहेचा प्रश्न याने सुटत नाही.

सावरगावकर

अमरनाथला जाऊन आलोय म्हणून दोन शब्द. आता पहलगामपासून चंदनवाडीपर्यंतचे १६ किलोमीटर गाडीने जाता येतात. खरी चढण तिथून पुढे: पिस्सू टॉप, शेषनाग, महागुणस, पंचतरणी, मग शेवटचे ६ किलोमीटर गुहेपर्यंत. गुहा साधारण ३,८८८ मीटरवर. महागुणस त्याहून उंच. तिथे माणूस माणसाशी बोलत नाही, श्वास वाचवतो. जागोजागी लंगर, घोडेवाले, पालखीवाले, डॉक्टरांचे तंबू. १८९८ मध्ये यातलं काय असणार?

स्वामीजींनी आधी १० जुलैच्या सुमाराला सोनमर्गच्या बाजूने एकट्याने प्रयत्न केला होता, उन्हाळ्याने हिमनद्या खचून वाट बंद म्हणून परतले. दुसऱ्या खेपेला उपास, आणि पंचतरणीच्या पाचही प्रवाहांत एकामागून एक स्नान, ओल्या कपड्यांनी. त्या पाण्यात मी मनगटापर्यंत हात घातला होता, मिनिटभरात बोटं आपली वाटेनात. परतल्यावर डॉक्टरने सांगितलं की खरं तर हृदय थांबायचं, त्याऐवजी ते कायमचं वाढलं. वय पस्तीस!

आणि अशा अवस्थेतला माणूस चंदनवाडीजवळ निवेदितेला तिची पहिली हिमनदी पायी ओलांडायला लावतो आणि बारीकसारीक सगळं दाखवत नेतो. मला गुहेपेक्षा हे मोठं वाटतं.

बकुळफुलं

सावरगावकर, +१.

दाखवत नेणं हा तर त्यांचा स्वभावच होता. रेल्वेत बसल्यापासून सुरू. काशी, लखनौ आली की त्यांचा इतिहास. आणि नुसती शेतंच शेतं लागली की शेतीची पद्धत, शेतकऱ्याच्या बायकोचा दिवस. सकाळच्या न्याहारीसाठी रात्रभर चुलीवर शिजत ठेवलेल्या मिसळ धान्याच्या हंडीपर्यंत सगळं. हे सांगताना डोळ्यांत चमक यायची, कारण ती न्याहारी भिक्षेत मिळालेली होती! परदेशी शिष्येला देश दाखवायचा तर कुठून सुरुवात करावी, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

रानवाट

वा! आणि काश्मिरात मुसलमान नावाड्याच्या चार वर्षांच्या मुलीची उमा म्हणून रोज पूजा करत होते, तेही याच प्रवासात. ३० सप्टेंबरला क्षीरभवानीला गेले त्याच्या आसपासची गोष्ट. हे वागणं डोळ्यांदेखत बघणाऱ्या शिष्येला वेगळं प्रवचन कशाला हवं?

अवनी_कु

अवांतर विचारते. त्या साधूंमध्ये आणि यात्रेतल्या मुसलमान अधिकाऱ्यांमध्ये काही तेढ नव्हती का?

बकुळफुलं

उलट. यात्रेची व्यवस्था बघणारा तहसीलदार मुसलमान होता. तो आणि त्याच्या हाताखालची माणसं रोज स्वामीजींचं बोलणं ऐकायला तंबूत यायची. स्वामीजींना इस्लामबद्दल वाटणारा जिव्हाळा काही साधूंना खटकायचा, तेवढंच.

नागपुरी_संत्र

निवेदिता पुढे १९०२ साली, स्वामीजींच्या निधनानंतर काही महिन्यांतच, व्याख्यानं देत मुंबईला आणि आमच्या नागपुरालाही येऊन गेली, हे या निमित्ताने नोंदवतो. ज्या बाईला अल्मोड्यात ब्रिटिश ध्वज प्यारा होता ती पुढच्या वर्षांत स्वदेशीची कडवी पुरस्कर्ती झाली. हा फरक कुठे पडला असेल, तर मला वाटतं त्याच प्रवासात.

पैलतीर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके जिवाभावाचे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

घाटमाथा, गुहेचा प्रश्न सुटत नाही म्हणालात, म्हणून त्यावरच लिहिते.

गुहेतून आल्यावर काठावरच्या खडकावर बसून जेवताना स्वामीजी हर्षभरित होते. बर्फाचं लिंग साक्षात शिवच वाटलं, इथे लुबाडणारे पंडे नाहीत, व्यापार नाही, नुसती पूजा आहे, असं सांगत होते. शेजारी निवेदिता रिकाम्या मनाने बसलेली. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी तिचीच बाजू घ्यावीशी वाटते. तिने कडवटपणा लपवला नाही, नंतर सगळं समजल्याचा आवही आणला नाही. ते तिचं मला फार मोठेपण वाटतं.

पण रानवाट यांनी सदानंदांचा विषय काढला आणि एक धागा जुळला. प्रवासाहून परतल्यावर १३ नोव्हेंबरला, कालीपूजेच्या दिवशी, बागबाजारात सारदादेवींच्या हस्ते निवेदितेची मुलींची शाळा सुरू झाली. आणि पुढच्याच वर्षी, १८९९ च्या वसंतात, कलकत्त्यात प्लेग आला तेव्हा मदतकार्याची सूत्रं निवेदितेकडे आणि वस्त्यांमधल्या प्रत्यक्ष सफाईची जबाबदारी सदानंदांकडे होती. निवेदिता स्वतः झाडू घेऊन गल्लीत उतरली, ते बघून पोरं लाजून मदतीला आली. हमालांपुढे झोळी पसरलेला आणि अमरनाथहून रित्या हाताने आलेली, दोघं एकाच गल्लीतली घाण उपसत होती. कुणी त्यांना तसा आदेश दिला असेल-नसेल, पण तंबूतंबूंतून तिच्या हातून भिक्षा वाटवली गेली होती, ते मला इथे दिसतं.

गुहेत तिला स्वामीजींसारखं काही व्हावं ही अपेक्षाच मला आता नीट वाटत नाही. तो त्यांचा वर होता. तिचा मार्ग वेगळा होता, आणि तो त्यांनी वाटेत पावलोपावली दाखवला, चंदनवाडीच्या बर्फावर, साधूंच्या तळावर, रेल्वेच्या खिडकीतून.

घाटमाथा

ताई, हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. झाडूचा भाग तिने पुन्हा वाचायला सांगितला. पुण्य कमी पडलं हे तिचं म्हणणं मी आता मुळीच चालू देणार नाही, एवढं तिला सांगितलंय.

निशिगंध

घाटमाथा, आईंना माझा नमस्कार सांगा.

खान्देशी

सप्टेंबरअखेर अल्मोड्याला जायचा विचार आहे, सोबत वडील (वय ७४). कुणाला माहिती असेल तर सांगा, या प्रवासातलं तिथे काय बघता येईल?

सावरगावकर

काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. अल्मोड्याच्या वाटेवर कोसीच्या काठी काकडीघाट लागतं, तिथे जरूर थांबा. १८९० साली गुरुबंधू अखंडानंदांबरोबर हिंडताना स्वामीजी तिथे पिंपळाखाली ध्यानाला बसले होते. उतरायला फार पायऱ्या नाहीत, वडिलांना जमेल. वेळ असेल तर लोहाघाटहून मायावतीचा अद्वैत आश्रम करा. १८९८ मध्ये अल्मोड्यात ज्या सेव्हियर या इंग्रज शिष्य दांपत्याकडे स्वामीजी उतरले होते त्यांनीच १८९९ च्या मार्चमध्ये तो उभारला. राहायचं असेल तर आधी पत्र किंवा मेल पाठवून परवानगी घ्या, ऐनवेळी जागा मिळत नाही. आणि सप्टेंबरअखेर पाऊस ओसरलेला असला तरी दरडींमुळे रस्ते बंद होतात, एक दिवस हाताशी जास्त ठेवा.